न घासलेले तांबे

टिपणीस सरांनी उत्तर न देता ठेवलेले पत्र आयुष्यात एकच, आणि ते नेमके मृदुलाचे होते. दिवाळीनंतर आले होते. आता उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, तोंडावर आले, हरणीच्या सोसायटीतल्या गच्च्यांवर पोरे मांज्याची फिरकी भरू लागली, तरी ते टेबलावर शब्दकोशाखाली पडून होते. सर रोज सकाळी शब्दकोश उचलत, पत्राची घडी बोटाने चाचपत आणि शब्दकोश पुन्हा होता तसा ठेवून देत.

बाळकृष्ण टिपणीस यांना फोनवर बोलता येत नसे. म्हणजे फोन कानाला लावता येई, ‘हॅलो’ म्हणता येई. पुढचे सगळे घशात अडकून बसे. विद्यापीठात त्यांनी सगळी नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यात काढली, पण तीही बव्हंशी फळ्याकडे तोंड करून. विद्यार्थ्यांना हे ठाऊक होते. म्हणून बडोदे सोडून गेलेला विद्यार्थीसुद्धा कामात कुठे अडला की सरांना पत्र लिही, आणि सर त्याच दिवशी पोस्टकार्डावर उत्तर टाकत. अक्षर मोत्यासारखे, आणि दर दुसऱ्या वाक्यात एक ‘बहुधा’.

मृदुला ही त्यांची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. पादऱ्याजवळच्या एका लहान कारखान्यात ती आता संशोधनाचे काम पाहत होती. तिने लिहिले होते:

‘सर, इथे नायट्रोबेन्झीनचं विजेवर रिडक्शन करायला मी शेठना राजी केलं, ते तुमच्या पेपरच्या जोरावर. तुमच्या पेपरात शंभरातले सत्तर भाग हवा तो माल मिळतो. मला चाळिसाच्या वर जाता येत नाही. माझं काय चुकतंय, तेवढं सांगा.’

नायट्रोबेन्झीन म्हणजे कडू बदामासारख्या वासाचे पिवळट तेल. ते गरम, पातळ गंधकाम्लात घालून त्यातून वीज सोडली, की ऋण बाजूच्या पत्र्यावर, म्हणजे कॅथोडवर, त्याचा ऑक्सिजन सुटतो, जागी हायड्रोजन बसतो, आणि गाडी नेमक्या स्टेशनावर थांबवता आली तर पॅरा-अमिनोफेनॉल हाती लागते. त्याचेच पुढे पॅरासिटामॉल होते. नाही थांबवता आली तर ती भलतीकडेच जाते, किंवा वीज नुसती पाण्यातून हायड्रोजनचे बुडबुडे काढत बसते. नायट्रोचा माल लोखंडाची भुकटी आणि आम्ल घालून हाताळण्याची जुनी रीतही आहे. ती कधी दगा देत नाही, फक्त मागे डोंगराएवढा काळा गाळ ठेवते. मृदुलाला तो गाळ नको होता.

विजेच्या रीतीवर सरांनी तरुणपणी एक पेपर लिहिला होता. त्यांचा लोकांनी वाचलेला तेवढा एकच. बाकीचे त्यांचे त्यांनाच आठवत नसत.

‘माझं काय चुकतंय’ हे वाचले तेव्हाच सरांनी पत्राची घडी घातली. मृदुलाचे काही चुकत नसणार. ती मुलगी ब्युरेट हातात घेई तेव्हा श्वासही धरून ठेवी. मग चुकले कोणाचे? उरले एकच नाव. आणि त्या नावाच्या माणसाने काय उत्तर लिहायचे?

नोंदवह्या पाहाव्यात, तर त्या विभागाच्या रद्दीत केव्हाच गेल्या होत्या. सर घरात फेऱ्या घालू लागले. पुस्तक उघडत, मिटत. चहा गार होई. रात्रीची झोप मध्येच तुटे, आणि सकाळी नलिनीबाईंना डोळ्यांखालची काळी वर्तुळे दिसत.

“अहो, एका जागी बसा ना,” त्या म्हणाल्या. “गिरणीत दळण विसरून आल्यासारखे काय हिंडताय?”

“काही नाही गं.”

“काही नाही कसं? पोरीचं पत्र येऊन महिने झाले. कुणाच्या लग्नाचं आमंत्रण असतं तर एव्हाना बारसंसुद्धा झालं असतं.”

नलिनीबाईंनी मराठी शाळेत उभी हयात मुलांचे कान पिळले होते. त्यांनी मृदुलाचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन सरांच्या पुढ्यात ठेवला.

“सर! तुम्ही? फोनवर?” मृदुला जवळजवळ ओरडलीच. मागे कुठेतरी पंप घरघरत होता.

“अं… हो. थंडी आहे का पादऱ्याला?”

नलिनीबाईंनी कपाळावर हात मारला.

“आहे सर, मस्त आहे. काकू बऱ्या आहेत ना? सर, त्या पत्राचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. मी उगाच लिहिलं. चूक माझीच असणार. उत्तरायण झालं की शेठ मीटिंग घेतायत. मी सरळ सांगून टाकणार आहे की मला नाही जमलं. सेल भंगारात काढतील, लोखंडाची भुकटी परत सुरू. मीही मग इथे राहून काय करू?”

“नको,” सर म्हणाले.

“काय नको, सर?”

“म्हणजे… बहुधा नको. सांगू नको. अजून.”

पंपाची घरघर मागे पडली; मृदुला बाहेर आली असावी. मग ती हळू आवाजात म्हणाली, “सर, तुमच्याकडे काही सांगण्यासारखं असेल तर लिहून द्याल? शेठ तोंडी ऐकत नाहीत. तुमच्या सहीचा कागद लागेल, शाईच्या सहीचा. फोटो-बिटो ते मानतच नाहीत. म्हणतात, ‘फोटो तो कोई पण बनावे.’ तुमच्या नावाला मात्र मान आहे त्यांच्याकडे. पेपर फ्रेम करून लावलाय केबिनमध्ये.”

“फ्रेम?” सर म्हणाले. “कशाला?”

सरांनी फोन बाजूला सारला. मग आत जाऊन त्यांनी पायमोजे चढवले.

“कुठे?” नलिनीबाईंनी विचारले.

“विभागात. अनिशकडे. पुन्हा करून बघतो.”

“वयाचा आकडा आठवतो ना? निदान स्वेटर घालून जा.”

*

विभागप्रमुख अनिश प्रधान हाही सरांचाच विद्यार्थी. केस पिकले होते, पोट सुटले होते, तरी सर दारात दिसताच तो खुर्चीतून ताडकन उठला.

“आवो सर, आवो! बसा ने. चाय मागवू?”

“चहा नको. मला नायट्रोबेन्झीन हवंय.”

“बरं झालं मी मागवण्याआधी विचारलं,” अनिश हसला. पण सरांचा चेहरा पाहून हसू आवरले. सरांनी तुटक तुटक सगळे सांगितले. ऐकून तो उठला. “एवढंच ने? चला, करू. पण सर, काम धुराड्याखाली होणार, हातमोजे घालून. तुमच्या वेळेसारखं तोंडाने पिपेट नाही ओढायचं हं.”

सरांना हसायला हवे होते. ते राहून गेले.

काचेचा सेल मांडला गेला. आत सच्छिद्र मातीचे भांडे, त्यात शिशाचा धन पत्रा. बाहेरच्या बाजूला नवाकोरा तांब्याचा पत्रा, तो कॅथोड. अनिशने तो आधी बारीक कागदाने घासला, आम्लातून काढला, धुतला, उजेडाकडे धरला. त्यात खोलीची खिडकी दिसत होती.

“तुम्हीच शिकवलंत, सर. पृष्ठभाग आरशासारखा असल्याशिवाय बटण दाबायचं नाही. माझी पोरं आजही शिव्या देतात मला त्यापायी.”

वीज सुरू झाली. तांब्याच्या पत्र्याभोवती बुडबुडे उसळले, सोड्याची बाटली उघडावी तसा सुर्र आवाज येऊ लागला. सर खुर्ची ओढून समोर बसले. त्यांचे गुडघे आपोआप हलत होते. ते खोलीभर चार पावले टाकून येत, पुन्हा बसत, पुन्हा उठत. खाली आवारात कोणाचा तरी पतंग कापला गेला आणि ‘काप्यो छे’ची आरोळी उठली, तसे ते दचकले.

दुपारी माल तपासणाऱ्या मशीनवरून आकडा आला. शंभरात चाळीससुद्धा नाही.

“पहिलीच खेप आहे सर,” अनिश म्हणाला. “टेन्शन नका घेऊ.”

पण सरांना ताण आला नव्हता. उलट इतक्या दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखे वाटत होते. सुटलो, त्यांच्या मनात आले. संशय होता तो खरा निघाला. रिक्षाने घरी परतताना रस्ताभर लोकांनी मांज्यापासून जपायला गळ्याला रुमाल बांधले होते. सरांना त्यातले काही दिसले नाही. घरी येऊन त्यांनी स्वेटरही न काढता टेबलाशी बसून लिहून काढले:

‘चि. मृदुला, तुझे काही चुकत नाही. माझा पेपर चुकीचा आहे. तो आकडा कसा आला हे मला आज सांगता येत नाही. शेठना हे पत्र दाखवावे आणि पेपर भिंतीवरून काढण्यास सांगावे.’

खाली सही केली. पाकीट शोधायला उठले, तोवर नलिनीबाईंनी कागद उचलून वाचला होता.

“हे बरंय,” त्या म्हणाल्या. “चांगलं काही सांगायचं असलं की तुम्हाला महिने लागतात. वाईट सांगायचं असलं की शाई वाळायचीसुद्धा वाट बघवत नाही.”

“पण खरं आहे ते. आज करून पाहिलं.”

“किती वेळा?”

“एकदा.”

“एकदा घासून माझी कढईसुद्धा निघत नाही!”

“नलू, तुला त्यातलं कळत नाही.”

“नायट्रोतलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं. वर्गातला एखादा पोरगा असतो बघा, शाईची दौत कुणी सांडली विचारलं की आधी हाच उभा राहतो. सांडलेली नसते मेल्याने. पण उभं राहून मोकळा होतो. मग ज्या पोरीला खरं काय ते हवंय, तिच्या हातात काय पडतं?” असे म्हणून त्यांनी कागद चार ठिकाणी फाडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. “उद्या परत जा.”

सर रागावले. रागावले म्हणजे जेवताना आमटी दुसऱ्यांदा मागितली नाही, एवढेच. पण ‘तिच्या हातात काय पडतं’ हे त्यांच्या मनातून जाईना.

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या खेपेतही तेच. चकचकीत तांबे, सुर्र बुडबुडे, पडेल आकडा. अनिशने सेल रिकामा केला आणि पत्रा घासायला घेणार, इतक्यात कुलगुरूंच्या कचेरीतून बोलावणे आले.

“सर, मी गेलो आणि आलो. आल्यावर घासून देतो. तुम्ही त्रास नका घेऊ.”

तो गेला तो गेलाच. बैठकी कधी वेळेवर संपल्याचे सरांनी त्यांच्या काळातही पाहिले नव्हते. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी घासकागद घेतला, पत्रा चिमट्यात धरला. पत्र्यावर आरसा राहिला नव्हता. करपलेल्या सायीसारखा तपकिरी-काळा पातळ थर चढला होता. त्यांनी घासायला सुरुवात केली. पण बोटांना पूर्वीची पकड नव्हती, हातमोज्यात कागद फिरेना. कोपऱ्यात एवढासा ओरखडा उमटला. त्यांना स्वतःची लाज वाटली. घरी परत जावे, असेही मनात आले.

मग ते स्वतःशीच म्हणाले, जाऊ दे. नाहीतरी काय येणार आहे? आणि तसलाच मळका पत्रा पाण्याने विसळून त्यांनी सेलमध्ये बसवला, ताजे मिश्रण ओतले, वीज सोडली.

खुर्चीवर बसल्यावर पहिल्यांदा त्यांना वाटले, ऐकू येणे आणखी कमी झाले. सुर्र आवाज नव्हता. ते उठून जवळ गेले. बुडबुडे होते, पण तुरळक. एखाद-दुसरा सुटून वर येत होता. वीज गेली असणार. त्यांनी ॲमीटर पाहिला. काटा कालच्याच जागी, ठाम. तार हलवून पाहिली. काटा तसाच.

वीज पूर्वीइतकीच आत जाते आहे. बुडबुड्यांतून बाहेर पडत नाही. मग जाते कुठे?

सर खुर्चीवर बसायचे विसरले. जी वीज बुडबुड्यांत वाया गेली नाही, तिने काहीतरी काम केले असले पाहिजे. आणि त्या भांड्यात काम करण्याजोगे एकच होते, नायट्रोबेन्झीन. ते कोणाला तरी हाक मारायला दारापर्यंत गेले. नको, एवढ्यात नको, ते स्वतःला म्हणाले. आकडा येऊ दे.

आकडा आला. पन्नाशी पार केली होती.

त्यांनी कोणाला हाक मारली नाही. पत्रा न घासताच विसळला, पुन्हा बसवला. या वेळी सेल जवळजवळ मुकाच होता. समोर बसलेल्या सरांच्या डोळ्यांपुढे भलतेच भांडे येत होते. त्यांनी पेपरचे काम केले तेव्हा असला काचेचा सेल कुठला? मांडवीजवळच्या कासाराकडून घेतलेली तांब्याची घागरीएवढी तपेली, तीच भांडे आणि तीच कॅथोड. आत मातीचे भांडे डांबराने पक्के बसवलेले, कडेला तारा डाग देऊन जोडलेल्या. हात आत घालून घासणार कसे? नुसते पाणी ओतून खळबळायचे आणि पुढची खेप लावायची. ‘तपेली घासली नाही’ असे पेपरात लिहायचे कोणाच्याही डोक्यात आले नाही. जे केलेच नाही, ते माणूस लिहिणार तरी का?

आणि पहिल्या खेपा? त्याही पडेल आल्या होत्या, हे त्यांना आता लख्ख आठवले. तेव्हा गाइडनी विचारले होते, ‘टिपणीस, सुरुवातीचे आकडे एवढे खाली का?’ आणि तरुण टिपणीस म्हणाले होते, ‘सर, माझा हात बसला नव्हता.’ गाइडनी मान डोलावली, ते आकडे गाळले गेले. त्यांच्या जागी दुसरा कोणी छाती काढून चालणारा असता तर म्हणाला असता, माझा हात चांगला आहे, तांब्यात काहीतरी बदल होतो आहे. एका वाक्याचा फरक. मग पुढे नोकरी लागल्यावर त्यांनीच पोरांना आरसे घासायला शिकवले, कारण पुस्तकात तसे होते आणि आपल्यापेक्षा पुस्तक शहाणे.

पादऱ्याला मृदुला रोज आरसा घासत असेल. आणि आकडा पडला की ‘माझंच चुकलं’ म्हणत असेल. हे वाक्यही ती इथूनच शिकून गेली होती.

*

अनिश आला तेव्हा उन्हे कलली होती. “सॉरी सर, सॉरी! पत्रा घासायचा राहूनच गेला—”

“हात लावू नको!”

सरांचा एवढा मोठा आवाज अनिशने कधी ऐकला नव्हता, सरांनीही नाही. अनिशने पुढे केलेला हात मागे घेतला. मग सरांनी दोन्ही आकडे पुढे केले. दुसरा साठीच्या वर होता.

अनिशने ते पाहिले, पत्रा पाहिला, भिंगातूनही पाहिला. “शिसं,” तो म्हणाला. “मातीच्या भांड्यातून झिरपून येत असेल जरा जरा. तांब्यावर बसतं. शिशावर हायड्रोजन लवकर सुटत नाही ने.”

“मलाही तसंच वाटतं. पण कोण जाणे, नायट्रोचंच काही करपून बसत असेल.”

“थर तपासायला लागेल. आणि सर…” अनिश घुटमळला. “मळक्या पत्र्यावर दोनच खेपा झाल्यात. दोन खेपांवर कुणी मला निष्कर्ष दाखवला असता तर मी त्याला पायऱ्यांवरून खाली धाडला असता. तुम्ही तर मला चौथ्या खेपेलाही धाडलं होतंत. उत्तरायण होऊ दे. सोमवारपासून रीतसर लावू. दहा-बारा खेपा, थराची तपासणी, सगळं. महिन्याभरात पक्कं सांगता येईल.”

हे सरांचेच बोलणे होते, शब्दन् शब्द. अनिशच्या जागी ते असते तर हेच म्हणाले असते. किंबहुना आतून कोणीतरी हेच म्हणत होते. महिनाभर थांबावे. तोवर आणखी वाचावे. चुकून आज लिहिले आणि उद्या खोटे ठरले तर? शेठ तो कागदही फ्रेम करून लावतील. मृदुला त्याच्या भरवशावर उभी राहील आणि तोंडघशी पडेल. आपण सही करून तिला खड्ड्यात ढकलल्यासारखे होईल.

“उत्तरायण झाल्यावर तिच्या शेठची मीटिंग आहे,” सर म्हणाले.

“मग तिला फोनवर सांगतो मी, शेठला थोडं थांबायला सांग म्हणून.”

“शेठ तोंडी ऐकत नाहीत.” सर खिडकीशी गेले, परत आले. “अनिश, ती सेल भंगारात काढणार. चूक स्वतःची आहे असं सगळ्यांदेखत सांगून.”

“पण सर, पक्कं नाही ने अजून.”

“नाही पक्कं.” सरांनी हातमोजे काढायला घेतले, एक उलटा होऊन बोटांत अडकला, तो त्यांनी ओढून काढला. “पोस्ट किती वाजेपर्यंत असतं रे?”

“उद्यापासून बंद, सर. आज…” अनिशने घड्याळ पाहिले. “रावपुऱ्याला मिळेल अजून. पण तुम्ही लिहिणार केव्हा?”

“इथेच. कागद दे.”

अनिशने विभागाचा छापील कागद पुढे केला. सरांनी तो बाजूला सारला. “साधा दे. नाव माझंच जाऊ दे, विभागाला कशाला अडकवू.”

पहिली ओळ लिहायला फार वेळ लागला. दोनदा कागद बदलला. अनिश दाराशी उभा राहून स्कूटरची किल्ली बोटावर फिरवत होता. शेवटी पेन चालू लागले ते मात्र थांबले नाही.

‘चि. मृदुला,

उत्तराला उशीर झाला. आम्ही येथे काल-आज काम करून पाहिले ते असे: घासलेल्या तांब्यावर तुझ्यासारखाच आकडा येतो, चाळिसाच्या खाली. तोच पत्रा न घासता, केवळ विसळून वापरला, तर पुढच्या खेपेत पन्नासवर आणि त्याच्या पुढच्या खेपेत साठवर गेला. बुडबुडे कमी झाले, वीज तेवढीच राहिली. माझ्या मूळ कामात तांब्याची तपेली होती व ती कधी घासली गेली नाही. हे पेपरात लिहायचे राहिले. सुरुवातीच्या वाईट खेपा मी माझ्या हाताचा दोष समजून गाळल्या. तोही दोष हाताचा नव्हता.

तेव्हा कॅथोड घासू नये. निदान दहा खेपा तसाच चालवावा, आणि पहिल्या दोन-तीन खेपांचे आकडे पाहून निराश होऊ नये. वरचा थर बहुधा शिशाचा आहे. हे मी तपासलेले नाही. थर फार जाड झाला तर काय होते, हेही मला माहीत नाही. ते तुलाच शोधावे लागेल.

मळक्या पत्र्यावर आमच्या दोनच खेपा झाल्या आहेत, हे शेठना स्पष्ट सांगावे. तरीही सेल भंगारात काढू नये असे माझे मत आहे. काम तुझ्या हातून चुकलेले नाही.

बा. टिपणीस’

त्यांनी ते अनिशपुढे धरले. अनिशने वाचले, मधल्या एका ओळीपाशी पुन्हा वाचले.

“सर, ‘असे माझे मत आहे’ हे तुम्ही लिहिलंत?”

“काय झालं? चुकलं का काही?”

“नाही, नाही. चला, बसा मागे. आणि मफलर गळ्याला नीट गुंडाळा, रस्त्यात मांजा लटकतोय सगळीकडे.”

*

रावपुऱ्याच्या पोस्टात रांग होती. सुट्टीआधी सगळ्यांना सगळेच आठवले होते. अनिश बाहेर स्कूटरजवळ थांबला. सर रांगेत उभे राहिले, आणि उभे राहिल्याबरोबर पाय पुन्हा चुळबुळू लागले. आम्ल किती घातले ते लिहिले नाही. द्रावण किती गरम होते तेही नाही. तिला ते ठाऊक आहे, पेपरात आहे. पण पाणी बडोद्याचे आणि पादऱ्याचे एकच का? तिच्याकडे शिशाचा पत्रा आहे की दुसऱ्या कशाचा? दुसऱ्या कशाचा असेल तर शिसे येणार कुठून, आणि मग हा सगळा कागदच फुकट. त्यांनी पाकीट खिशातून काढले. अजून चिकटवलेले नव्हते. रांगेतून बाहेर पडून तेवढी एक ओळ घालता येईल. पण मग ती ओळ वाचून तिसरा प्रश्न सुचेल, तिसऱ्यातून चौथा, आणि तोवर शटर खाली येईल. हे सरांना इतके स्वच्छ दिसले की त्यांना स्वतःचाच राग आला.

त्यांनी रांगेतच उभे राहून, पत्र पाकिटावर टेकवून, त्याच्या तळाशी वेड्यावाकड्या अक्षरात एवढेच लिहिले: ‘तुझा धन पत्रा शिशाचा नसेल तर मला कळव. मी फोन उचलीन.’ आणि पाकिटाला जीभ लावली.

“काका, आगळ चालो ने,” मागून फिरक्यांची पिशवी धरलेला एक तरुण पुढची मोकळी जागा दाखवत म्हणाला.

खिडकीपलीकडच्या बाईने हात पुढे केला. “स्पीड पोस्ट?”

“हो. पादऱ्याला. केव्हा पोचेल?”

“उत्तरायण छे ने, काका. वासी उत्तरायण पछी पहेली डिलिव्हरी.” मग सरांच्या चेहऱ्याकडे पाहून ती मराठीत म्हणाली, “म्हणजे उत्तरायणाचा दुसरा दिवसही सरला की सकाळच्याच फेरीत जाईल. फार अर्जंट आहे का?”

“आहे,” सर म्हणाले. पाकीट अजून त्यांच्याच हातात होते. बाईचे बोट पाकिटाच्या दुसऱ्या टोकाला लागले होते.

“सोडा मग,” ती म्हणाली.

सरांनी सोडले. तिने वजन केले, वर पट्टी चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट न पाहताच मागच्या पोत्यात टाकून दिले.